काडेपेटीएवढ्या गाड्या

छोट्या गाड्या जमवायच्या तर काहीतरी नियम हवा, नाहीतर घराचं दुकान होतं. माझा नियम साधा आहे. घरातलं कुणीतरी जिच्यात बसलंय, तीच गाडी घ्यायची. त्यामुळे फेरारी बाद! मामाच्या लग्नातली अँबेसेडर आली, आईच्या ऑफिसची डबलडेकर आली आणि बाबांनी बावीस वर्षं चालवलेली काळीपिवळी पद्मिनी आली.

तशी मॅचबॉक्सची सुरुवातही घरातूनच झाली. जॅक ओडेल यांच्या मुलीला शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं नेता यायचं, म्हणून त्यांनी तिला इवलासा रोडरोलर करून दिला. त्यातूनच १९५३ साली या गाड्या बाजारात आल्या.

२०२३ च्या सप्टेंबरात मुंबईतली शेवटची डिझेल डबलडेकर थांबली, ऑक्टोबरात पद्मिनी टॅक्सीही गेली. आता लेकीने "आजोबा काय चालवायचे?" असं विचारलं की रस्त्यावर बोट दाखवता येत नाही. कपाट उघडावं लागतं. मग ती पद्मिनी फरशीवर पळवते आणि भाडं मात्र माझ्याकडून घेते!

असो. काकांची लूना अजून मिळालेली नाही. कुणाला दिसली तर कळवा.