गणित, तेल आणि एक कविता

संपादकांनी कविता मागितली होती. कविता नाही. आधी हे गणित घ्या.

६० किलोची पेटी. सपाट फरशी. घर्षण गुणांक ०.२. आडव्या दिशेनं १५० न्यूटन बल लावलं. त्वरण किती? गुरुत्व त्वरण १० धरायचं.

तिसरी पाळी करून आलो होतो. कानात रिंगफ्रेमची घरघर. १५० भागिले ६०. उत्तर २.५. मागच्या पानावर ०.५. च्यायला, पुस्तकच चुकलं असेल.

ही माझी जुनी खोड. नववीत मास्तरांनी फळ्यापाशी उभं करून सांगितलं होतं, "गणित तुमच्या लोकांचं काम नाही. कुठंतरी कामाला लाग." लागलो. सूतगिरणीत डॉफर. दहावी मागाहून सतरा नंबरचा फॉर्म भरून काढली. पण तेव्हापासून एक झालं. उत्तर चुकलं की पुस्तकाला शिव्या घालायच्या, नाहीतर मागचं उत्तर बघून पायऱ्या ओढूनताणून जुळवायच्या. विचारायचं नाही. विचारायला तोंड उघडलं की मास्तर पुढं उभा.

आमच्या वस्तीतल्या विहारात बुधवारी वंदना झाली की वर्ग भरतो. वर्ग म्हणजे एक सतरंजी, एक फळा, सात-आठ जण. शिकवते ती वस्तीतलीच पोरगी, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. माझ्याहून लहान. मला दादा म्हणते, आणि चूक दिसली की दादाला सोडत नाही. तिचा नियम एकच. उत्तर कुणी सांगायचं नाही, प्रश्न विचारायचे.

"दादा, पेटी एकटीच काढा. माणूस नको, फरशी नको. आता तिला बाहेरून कोण कोण लागलंय, ते बाणानं दाखवा."

एक बाण काढला. माझा धक्का. "आणखी?" वजन, खाली. "आणखी?" फरशीचा रेटा, वर. "आणखी?" मी गप्प. मागं बसलेले जॉबरमामा, जन्मात शाळा न बघितलेले, म्हणाले, "आरं, ढकलायचं सोडलंस तर पेटी पळत ऱ्हाती व्हय? कोण धरतंय तिला?"

घर्षण. चौथा बाण, मागं. मी ०.२ गुणिले ६० केलं. १२. मग १३८ भागिले ६०. उत्तर २.३. परत चूक. कुणी हसलं नाही. शेजारच्या बारावी नापास पोरानं विचारलं, "साठ हे वस्तुमान का वजन?"

वस्तुमान. वजन ६००. घर्षण १२०. १५० मधून १२० गेले, राहिले ३०. भागिले ६०. ०.५.

वही मिटणार, तेवढ्यात ती म्हणाली, "दादा, तुम्ही पेटीला १५० नं ढकलता, तशी पेटीही तुम्हाला १५० नं मागं ढकलते. मग तुम्ही मागं का जात नाही?"

मी पायाकडं बघितलं. पाय फरशीला मागं रेटतात, फरशी पायाला पुढं रेटते. घर्षणानंच. जे पेटीला अडवतं तेच मला चालवतं.

सगळे एकदम गप्प झाले. कारण सगळ्यांना तोच आठवला. मागच्या पावसाळ्यात खात्यात मशीनखाली तेल सांडलेलं. आमच्यातला एक बॉबिनची पेटी ढकलताना घसरला. मनगट मोडलं. ऑफिसनं लिहिलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. पगार कापला. आम्ही गेटवर घोषणा दिल्या आणि घरी आलो.

त्या रात्री फळ्यावर त्याचंच गणित मांडलं. आकडे आमच्या अंदाजाचे. तो ५० किलोचा. तेलकट फरशीचा घर्षण गुणांक ०.१ धरला तर फरशी त्याच्या पायाला जास्तीत जास्त ५० न्यूटन देणार. कोरड्या फरशीवरची पेटी हलवायला १२० पाहिजेत. पाय सरकणारच. माणूस कितीही जपून चालला तरी. निष्काळजीपणा कुणाचा, ते तेल सांगत होतं. आमच्या घोषणेत हे नव्हतं.

आता कवितेचं. १४ एप्रिलला मी एक कविता म्हटली होती. न्यूटनचा नियम आहे, प्रत्येक क्रियेला प्रतिक्रिया, तेव्हा हजारो वर्षांच्या अन्यायाची प्रतिक्रिया आपोआप उसळणार, असा तिचा शेवट. टाळ्या पडल्या. ती पोरगी आता म्हणाली, "दादा, तिसरा नियम पुढं कधीतरी होईल असं म्हणत नाही. दोन्ही बलं एकाच क्षणाला असतात, आणि वेगवेगळ्या वस्तूंवर. आपोआपचं म्हणाल तर पहिला नियम बघा. थांबलेलं थांबलेलंच राहतं, बाहेरून बल लागेपर्यंत."

न्यूटननं हे १६८७ साली छापलं. मी न वाचताच टाळ्या घेतल्या. समाज म्हणजे पेटी नाही, हे मला कळतं. पण नाव घ्यायचं तर नीट घ्यावं. मित्रांनो, आपल्या किती भाषणांत ही 'प्रतिक्रिया' आपोआप येते, एकदा मोजा. बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढलं. आपोआपवर विश्वास असता तर कशाला काढलं असतं?

शेवट खोडला. नवा अजून सुचलेला नाही. म्हणून कविता नाही.

अर्ज मात्र केला. कापलेला पगार परत द्या, फरशी पुसायला माणूस ठेवा. सोबत आकृती जोडली. ऑफिसातल्या साहेबानं कागद उलटा धरला. म्हणाला, "हे बाण कसले?"

मी म्हटलं, "बसा साहेब, सांगतो."

उत्तर आलेलं नाही. येत्या बुधवारी उतरणीचं गणित आहे.