घाटातला खेकडा दिल्लीत

चाणक्यपुरीतल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आज मी सगळ्यात जास्त रेंगाळलो ते पतियाळा संस्थानच्या मोनोरेलपाशी. १९०७ची ही गाडी एकाच रुळावर धावायची. तोल जाऊ नये म्हणून एका बाजूला मोठं लोखंडी चाक, तेही रुळावर नाही, सरळ रस्त्यावर! जवळजवळ सगळा भार रुळावर, थोडासा त्या चाकावर. रस्त्याच्या कडेला एक रूळ टाकला की झालं, असा साधा हिशोब. वाकून त्या चाकाची रुंद धाव पाहिली आणि ज्याला हे सुचलं त्याचं मनापासून कौतुक वाटलं. १९२७ला ती बंद पडली.

बाकीचे शाही डबे भरभर पाहिले. मखमल, आरसे वगैरे. मला त्यात फार रस नाही.

पण ‘सर लेस्ली विल्सन’ दिसलं आणि पाय थबकले. हे तर आपल्या घाटातलं विजेचं इंजिन, खेकडा! दोन्हीकडे लांब नाकं, मध्ये केबिन. वळणावर अंग मोडता यावं म्हणून तीन भाग सांधलेले. चाकांना जोडणारे जाडजूड दांडे वाफेच्या इंजिनासारखेच. १९२८च्या सुमारास आलेल्या या इंजिनांनी कित्येक दशकं बोरघाट, थळघाटात मालगाड्या चढवल्या.

रात्री आत्याला फोन केला. तिचं बालपण खंडाळ्याचं. म्हणाली, “अरे, उभं असलं तरी कण्हायचं ते!” मग अर्धा तास तीच बोलत होती.