चाकांवरचं बिऱ्हाड

वाडा विकला तेव्हा सही मी केली. हिला विचारलं नाही. तेव्हापासून ही वाड्याचं नावच काढीना. जानेवारीत इंग्लंडातल्या मुलाकडे गेलो. त्यानं आम्हांला कॅरॅव्हॅनमध्ये घालून राय या जुन्या गावी नेलं. चूल, पलंग, मोरी, सारं गाडीतच!

"आता या घरावर तरी सही करू नका," ही म्हणाली.

गाडी गावाबाहेर ठेवून दगडगोट्यांच्या अरुंद चढानं पायी निघालो. राय एके काळचं बंदर. १३७७ साली फ्रेंचांनी ते जाळलं, चर्चच्या घंटा पळवल्या. पुढच्याच वर्षी त्या परत आणल्या. पण पुढं समुद्रच मैल-दोन मैल मागं सरला. तो कोण आणणार?

"समुद्र गेला, तरी गाव राहिलंच की," ही हळूच म्हणाली.

पाचाच्या आत काळोख पडला. हात गारठले होते. गाडीत परतल्यावर हिनं आधण ठेवलं, आलं ठेचलं आणि म्हणाली, "वाड्यातल्या चुलीवर चहा लवकर व्हायचा, नाही?"

वर्षभरात पहिल्यांदाच वाड्याचा विषय निघाला. चहा निवला, तरी आम्ही बोलतच होतो.