दोन टोकांच्या आधारावर

बंगळूरहून म्हैसूरच्या जुन्या हमरस्त्याने निघालात, की सुमारे साठ किलोमीटरांवर चन्नपट्टण लागते. कडेच्या दुकानांतले झुलते घोडे, भोवरे आणि भिंगऱ्या पाहूनच हा खेळण्यांचा गाव आहे, हे ध्यानात येते. परंतु वाचकहो, दुकानावरून परतू नका. लेथची घरघर ऐकू येते, त्या गल्लीत शिरा.

अठराव्या शतकात टिपू सुलतानाने इराणी कारागीर आणविले, असे परंपरा सांगते. पुढे बावास मियाँ यांनी जपानी पद्धती येथे रुजविल्या. काळ्या कुड्याचे पांढरे, मऊ, बारीक पोताचे लाकूड येथे विशेष पसंत केले जाते. जुन्या हातलेथवर ते दोन अणकुचीदार टोकांमध्ये धरीत आणि कमानीच्या दोरीने फिरवीत. विजेच्या लेथवर पुष्कळदा लाकडाचे एकच टोक खोबणीत ठोकून बसवितात. जाड, आखूड खेळण्याला तेवढे पुरते.

लेखणीसारख्या सडपातळ वस्तूची गोष्ट निराळी. लाकडाला आरपार भोक पाडून त्यात पितळी नळी बसवितात. असा तुकडा सळईत ओवून फार आवळला, तर सळई किंचित वाकते आणि लेखणी एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला पातळ उतरते. म्हणून जाणते कातारी सळईच टाळतात. नळीची दोन्ही तोंडे ते लेथच्या दोन टोकांवर टेकवितात आणि दाब बेताचाच ठेवतात. दाब कमी पडला तर लाकूड घसरते; अधिक झाला तर चिरते. हा बेत हाताला सरावानेच कळतो.

कातकाम संपले, की चन्नपट्टणचे खरे वैभव दिसू लागते. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते. मग केवड्याच्या पानाने घासताच तिला आरशासारखी झळाळी येते. ब्रश लागत नाही, की रंग वाळण्याची वाटही पाहावी लागत नाही. पिवळ्या रंगासाठी हळद वापरण्याचीही रीत आहे.

या खेळण्यांना 2005-06 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही साच्यातून निघणाऱ्या स्वस्त प्लॅस्टिकपुढे टिकाव धरणे सोपे नाही. आपल्या सावंतवाडीच्या लाखकामालाही हाच प्रश्न भेडसावतो. मानांकनाने नावाचे रक्षण होते; पण चूल पेटते ती गिऱ्हाइकाने वस्तू विकत घेतल्यावरच.

तेव्हा या वाटेने गेलात, तर मुलांना लेथपाशी घटकाभर उभे करा. एखादी वस्तू घेताना रंग वनस्पतींचे आहेत का, हे अवश्य विचारा. तान्ह्या मुलाचे खेळणे तोंडात जायचेच. आणि घासाघीस करण्यापूर्वी ती वस्तू बोटांत फिरवून पाहा. तिच्या गोलाईत कारागिराची कित्येक वर्षे आहेत.