कढईतलं संभाजीनगर

वेरूळ झालं, दौलताबाद झालं, मकबऱ्यासमोर फोटो काढून झाले. आता टुरिस्ट मंडळी हॉटेलवर जाऊन एसी लावतात आणि शहाणी मंडळी पैठण गेटला येतात. वीकेंडला छत्रपती संभाजीनगरात असाल तर संध्याकाळी सहाला इथे या. गाडी मात्र आणू नका, पार्किंग शोधता शोधता भूक मरून जाईल! पैठण गेटपासून गुलमंडीपर्यंतचा टिळक पथ पायीच मारायचा. दोन्ही बाजूंना साड्या, चपला, मोबाइलची कव्हर्स, मधून वाट काढणाऱ्या रिक्षा, आणि गुलमंडी जवळ येईल तसा या सगळ्यावर मात करणारा एक वास. तळणाचा.

गुलमंडी म्हणजे या शहराचं जुनं पोट. इथे कचोरी आहे, समोसे आहेत आणि इम्रती आहे. इम्रती म्हणजे जिलबीची नटवी थोरली बहीण! उडदाच्या डाळीचं वाटण, फडक्याच्या भोकातून कढईत सोडलेले फुलासारखे वेढे, मग पाकात डुबकी. गरम खायची, बोटं चाटायची, कॅलरीज उद्या मोजायच्या.

यंदा मात्र मी फक्त खायला आले नव्हते. कढईमागे उभ्या असलेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा होता, ‘दादा, तेल कुठलं?’

या प्रश्नामागे एक मित्र आहे. वय 29, वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला. हातपाय काडीसारखे. ऑफिसात सगळे त्याला ‘फिट’ समजायचे. मग अ‍ॅन्युअल चेकअपचा रिपोर्ट आला. ट्रायग्लिसराइड्स 210, एचडीएल 34, कमरेचा घेर 94 सेंटिमीटर. भारतीय पुरुषांसाठीचं गणित सोपं आहे. कंबर 90 किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड्स 150 किंवा जास्त, एचडीएल 40च्या खाली, बीपी 130/85 किंवा जास्त, उपाशीपोटी साखर 100 किंवा जास्त. या पाचांपैकी तीन जुळले की मेटाबॉलिक सिंड्रोमचा शिक्का. म्हणजे डायबिटीस आणि हार्ट अटॅक या दोघांच्याही वेटिंग लिस्टवर नाव. (मुलींनो, आपल्यासाठी कंबर 80 आणि एचडीएल 50.)

‘पण मी बाहेरचं खातच नाही यार,’ तो म्हणाला. ‘सकाळी चहा-खारी, संध्याकाळी चहा-खारी. बास.’

बारीक माणसाला हे होतंच कसं? त्याचं उत्तर पुण्यात सापडतं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या दोघांचा फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय अगदी एकच, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के! वजनकाट्यावर सडपातळ, आतून चरबीवाले. बहुतेक भारतीय असेच, म्हणून आपल्याला चुकीची चरबी जरा जास्तच महागात पडते.

आणि सगळ्या चुकीच्या चरब्यांमध्ये पहिला नंबर ट्रान्स फॅटचा.

तर गुलमंडी. कचोरीवाल्या काकांनी झारा न थांबवता सांगितलं, ‘पाम आहे ताई. सोयाबीन परवडत नाही.’ समोसेवाला हसला, म्हणाला, ‘पहले खाओ, फिर पूछो.’ मिठाईच्या एका दुकानात मालकांनी आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मग हळूच म्हणाले, ‘पूर्वी डालडाच असायचा. आता ते वनस्पतीपण बदललंय म्हणे.’

मालकांचं बरोबर आहे, पण ते कळायला थोडं मागे जावं लागेल. तेल घ्यायचं, त्यात निकेलच्या साक्षीने हायड्रोजन सोडायचा, की पातळ तेल घट्ट होतं. ही आयडिया विल्हेल्म नॉर्मान या जर्मन केमिस्टची, 1901ची. आपल्याकडे 1937मध्ये डालडा बाजारात आला आणि इतका चालला, की कुठल्याही कंपनीचं वनस्पती तूप म्हणजे डालडाच झालं. तुपासारखा दिसतो, स्वस्त, लवकर खवट होत नाही. मराठवाड्याच्या मे महिन्यात पारा 42ला टेकतो तेव्हा हलवायाला आणखी काय हवं?

गडबड आहे ती अर्धवट प्रक्रियेत. साध्या तेलाचा रेणू कोपरात वाकलेल्या हातासारखा असतो. वाकडी माणसं शेअर रिक्षात नीट बसत नाहीत, तसे हे रेणू एकमेकांना चिकटून बसत नाहीत, म्हणून तेल पातळ राहतं. हायड्रोजन अर्धवट भरला की काही रेणू सरळ होतात आणि गच्च बसतात. हेच ट्रान्स फॅट. खारीचा थर कुरकुरीत करणारी चीज तीच, आणि रक्तात जाऊन एलडीएल वाढवणारी, वर एचडीएल कमी करणारीही तीच. बाकी चरब्या साधारण एकच दुष्टपणा करतात, ही दोन्ही करते. रोजच्या कॅलरीजपैकी फक्त 2 टक्के ट्रान्स फॅटमधून आल्या तर हृदयविकाराची शक्यता सुमारे 23 टक्क्यांनी वाढते, असं 2006 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल’मधल्या आढाव्याने सांगितलं.

पोटाचं काय? अमेरिकेत वेक फॉरेस्ट विद्यापीठात माकडांच्या दोन गटांना सहा वर्षं अगदी सारख्याच कॅलरीज दिल्या. एका गटाला त्यातल्या 8 टक्के ट्रान्स फॅटमधून. 2007मध्ये निकाल आला. साध्या तेलवाल्यांचं वजन 1.8 टक्के वाढलं, ट्रान्सवाल्यांचं 7.2 टक्के, आणि चरबी जाऊन बसली ती पोटात. इन्शुलिनचं चित्र मात्र इतकं स्वच्छ नाही. काही मोठ्या पाहण्यांत ट्रान्स फॅट आणि डायबिटीसचं नातं दिसलं, पण माणसांवरच्या छोट्या प्रयोगांत ते कधी दिसतं, कधी नाही. कोणी छातीठोक सांगत असेल तर थोडं मीठ घालूनच ऐका. (मीठही कमीच हं!)

गुलमंडीवरून सिटी चौक, तिथून सराफा ओलांडला की शहागंजचं घड्याळ दिसतं. या भागातल्या बेकऱ्यांत भट्टीचा धग बाहेरूनच लागतो. काचेच्या बरण्यांत टोस्ट, नानकटाई, क्रीमरोल आणि माझ्या मित्राची लाडकी खारी. खारी कशी करतात ते एकदा बघाच. मैद्याची पोळी, तिच्यावर घट्ट चरबीचा लेप, घडी, पुन्हा लाटणं, पुन्हा घडी. भट्टीत पाण्याची वाफ थर फुगवते आणि चरबी ते थर एकमेकांना चिकटू देत नाही. हाताला हलकी लागते म्हणून आपण तिला ‘लाइट स्नॅक’ म्हणतो. कमाल आहे ना?

आता हिशेब. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने 2009मध्ये वनस्पती तुपाचे ब्रँड तपासले, तेव्हा त्यांत ट्रान्स फॅट डेन्मार्कच्या 2 टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा पाच ते बारा पट निघालं. समजा दिवसभराच्या खारीतून 15 ग्रॅम चरबी पोटात गेली आणि तिच्यात 20 टक्के ट्रान्स असेल, तर झाले 3 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा 2000 कॅलरीजच्या आहारासाठी सव्वादोन ग्रॅमच्या आत. म्हणजे नुसत्या चहासोबतच कोटा खलास!

पण हे तेव्हाचं. डेन्मार्कने 2003 सालीच ट्रान्स फॅटला वेसण घातली. आपल्या एफएसएसएआयने 2011ला 10 टक्क्यांपासून सुरुवात केली, मग 5, जानेवारी 2021पासून 3 आणि 1 जानेवारी 2022पासून 2 टक्के. त्याच 15 ग्रॅममध्ये आता 0.3 ग्रॅमच चालतं. एका सरकारी नियमाने आपल्या रक्तासाठी जे केलं ते शंभर डाएट प्लॅन्सना जमलं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे. मिठाईवाल्या मालकांचं ‘बदललेलं वनस्पती’ ते हेच.

बेकरीवाल्या चाचांना विचारलं. त्यांनी आतून चरबीचा खोकाच आणून दाखवला. त्यावर छापलेलं होतं, इंटरेस्टरिफाइड व्हेजिटेबल फॅट, पाम. म्हणजे ट्रान्स गेलं, पाम आलं. पामतेलात जवळपास निम्मी चरबी सॅच्युरेटेड असते. ती एलडीएल वाढवतेच, फक्त एचडीएल खाली ओढत नाही. शत्रू गेला, त्याचा चुलतभाऊ राहायला आला! शिवाय खोका दाखवणारे चाचा सगळीकडे भेटत नाहीत. पुड्यावर ट्रान्स फॅटचा आकडा छापावा लागतो. सुट्या खारीला, गाड्यावरच्या भज्याला लेबल कोण लावणार?

गाड्यावर आणखी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे तेलाचं वय. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात ट्रान्स फॅट थोडंसंच तयार होतं, पण पोलर कंपाउंड्स नावाचा कचरा भरपूर साठतो. तो 25 टक्क्यांच्या वर गेला की तेल फेकायचं, असा नियम जुलै 2018पासून आहे. मीटर आपल्या खिशात नसतो, डोळे असतात. तेल चहासारखं काळं, वर न बसणारा फेस आणि तापण्याआधीच धूर दिसला, तर पुढचा गाडा गाठा.

सिडकोच्या कॅनॉटला हे प्रश्न विचारायला गेले तर काउंटरवरच्या मुलाने ‘मॅम, व्हेज ऑइल’ एवढंच सांगितलं आणि टोकन दिलं. गुलमंडीवर निदान गप्पा तरी होतात.

खरी मजा म्हणजे मराठवाड्याचं स्वतःचं तेल होतं. करडई! परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’ नावाचं वाणच दिलंय. ज्वारीची भाकरी, चटणी आणि वरून करडईचं कच्चं तेल, हे आजी-आजोबांचं रोजचं जेवण. शहरात आता लाकडी घाण्याची दुकानं पुन्हा दिसू लागली आहेत, हौसेने एक लीटर घेऊन जा. पण तळायला नको. करडईत सुमारे 75 टक्के लिनोलिक आम्ल, ते कढईत लवकर बिघडतं. फोडणीला, भाकरीवर, चटणीत झकास.

मित्राने खारी सोडली, फुटाणे धरले. जेवणानंतर एमजीएमच्या बाजूने अर्धा तास चालतो. तीन महिन्यांनी ट्रायग्लिसराइड्स 160 आले, एचडीएल मात्र अजून 36वरच अडलंय.

रात्रीचे साडेनऊ. शहागंजवरून बुढीलेनकडे वळा, पिवळ्याधमक नानचा ढीग रचलेला दिसेल. नान तंदुरातला, म्हणजे तळणाचा प्रश्नच नाही. खलियावरची तर्री तेवढी पळीने बाजूला सारा. वाढणारा विचारेल, ‘तर्री नक्को?’ त्याला नक्को म्हणा, आणि बसा.