वायू वल्ली शे

शहाद्यातल्या घरामागचं अंगण 20 फूट बाय 15. तिथं पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरलं, तेव्हा त्याने मिस्त्रीला विचारलंसुद्धा नाही. जुन्या वहीचं मागचं पान काढलं आणि हिशोब मांडला. ब्लॉक 60 मिलिमीटर जाडीचे, त्यांच्याखाली दीड इंच वाळू, वाळूखाली 6 इंच मुरूम. 300 चौरस फुटांवर 6 इंच म्हणजे 150 घनफूट. 100 घनफुटांचा एक ब्रास, तेव्हा मुरूम दीड ब्रास. वाळू साडेसदतीस घनफूट, धरा 40. एस.टी.त आयुष्यभर तिकिटांचा हिशोब केलेल्या माणसाला यात अवघड ते काय?

मिस्त्रीने पान पाहिलं आणि हसला. ‘‘काका, दीड ब्रास मुरूम टाकाल, तर रोलर फिरल्यावर सव्वाही उरणार नाही.’’ ट्रॉलीतून पडलेला मुरूम सैल असतो. पाणी मारून दाबला की चौथा-पाचवा हिस्सा बसतो. दोन ब्रास मागवा, असं तो म्हणाला. तापीकाठच्या काळ्या जमिनीवर मुरमात काटकसर करून चालतही नाही. ही माती पावसाळ्यात फुगते आणि चैत्रात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट फरशी टाकली, तर दुसऱ्या पावसात अंगणाची होडी होते.

ब्रास हा शब्द त्याला सातव्या वर्षापासून ठाऊक. साल 1972. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा व्हायला अजून 26 वर्षं होती. पाऊस गेला होता आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. 1973च्या मे महिन्यात राज्यभर अशा कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती म्हणतात. त्याला त्यातल्या दोन हातांचीच आठवण आहे. तळव्यांना फडक्याच्या पट्ट्या, एका हातात हातोडी, दुसऱ्या हाताने दगड धरलेला. मजुरी दिवसावर नव्हती, मापावर होती. रस्त्याच्या कडेला खडीचा चौकोनी ढीग रचायचा, मुकादम टेप लावायचा, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. त्यातून पोकळीची वजावट.

पोकळी हा शब्दही तेव्हाचाच. बायका खडी ढिगावर ओतायच्या नाहीत, अलगद ठेवायच्या, म्हणजे दोन तुकड्यांत जरा जास्त जागा राहते. मुकादमाला हे माहीत. तो माप घेण्याआधी ढिगाला बुटाची टाच मारायचा. खडखड करत ढीग दोन बोटं खाली बसायचा आणि आईच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून जायचं. त्याच काळात शहाद्यात अंबरसिंग सुरतवंतींसारखी माणसं आदिवासी शेतमजुरांना संघटित करत होती, श्रमिक संघटना उभी राहत होती. हे त्याला पुढे वाचून कळलं. त्या वयात त्याला फक्त त्या टाचेचा राग होता.

दुष्काळ सरल्यावर घराचा ओटा बांधायला प्रकाशाहून बैलगाडीने वाळू आली. गोमाई जिथे तापीला मिळते, तिथली. गाडी काठोकाठ भरलेली पाहून तो नाचायला लागला. आईने मूठभर वाळू हातात दाबली, मूठ उघडली. वाळू लाडवासारखी तशीच राहिली. ‘‘वायू वल्ली शे,’’ ती म्हणाली आणि आणखी अर्धी गाडी सांगितली.

अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळ्याचा डोया, वाळूची वायू. वल्ली म्हणजे ओली. शाळेत गुरुजी या उच्चारावर हसायचे. पण ओल्या वाळूत खरोखर वायूच जास्त असतो. कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा धरतो, तो कणांना एकमेकांपासून दूर ठेवतो आणि चार-सहा टक्के ओलीनेच वाळूचं आकारमान पाव हिश्श्यापर्यंत वाढतं. बारीक वाळू जास्त फुगते, जाड कमी. गंमत अशी की पाणी आणखी घालून ती पूर्ण भिजवली, की पापुद्रे मोडतात आणि वाळू पुन्हा मूळ मापावर बसते.

हे सगळं माहीत असून तो फसला. मिस्त्रीने मुरूम दुरुस्त करून दिला, वाळूचा आकडा मात्र याचाच राहिला. 40 घनफूट आली, गडद, थंड, मुठीत टिकणारी. पसरून, पट्टीने सारखी करून ब्लॉक बसत गेले आणि भिंतीशी 3 फूट रुंदीचा, 15 फूट लांबीचा पट्टा उघडाच राहिला. 40 ला सव्वाने भागलं की 32 येतात. उत्तर त्याने संध्याकाळी काढलं.

आता वाळू मिळवणं म्हणजे बैलगाडी जुंपणं नव्हे. प्रकाशा आणि सारंगखेड्याला बॅरेज झाले, दारं बंद असली की पात्रात पाणीच पाणी. पलीकडे गुजरातेतल्या निझर-कुकरमुंड्याच्या बाजूची तापीची वाळू डंपरने इकडून पुढे जाते. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने लहान वाळूपट्ट्यांनाही पर्यावरण परवानगीची अट घातली. 2023 साली राज्याने 600 रुपये ब्रासचा दर जाहीर केला. दर कुणाचाही असो, माप ब्रासचं. वाळू कोरडी की ओली, हे गिऱ्हाइकाने बघायचं.

दुसरी खेप आली तेव्हा तो बादली घेऊन उभा होता. वाळू न दाबता 10 इंच भरली, वरून पाणी ओतलं, काठीने ढवळलं, थांबला. फूटपट्टी लावली. 8 इंच.

ट्रॅक्टरवाला पोरगा, असेल विशीतला, खाली उतरून बादलीत डोकावला. ‘‘काका, पाणी मी नाही घातलं. नदीतलंच आहे.’’

त्याने बादली ढिगावर उपडी केली. ढिगाला टेकलेला स्वतःचा पाय त्याला दिसला, तो त्याने मागे घेतला. मग आणखी आठ घमेली कमी पडतील, तेवढी उद्या आण, त्याचे वेगळे पैसे घे, असं सांगून तो आत चहा सांगायला गेला.