ब्रेकची खिट्टी

आज पिकाचं नाही, ट्रॅक्टरचं लिहितोय. चूक माझीच आहे, म्हणून लपवत नाही.

गेल्या आठवड्यात सकाळी वरच्या रानात रोटर मारला. बांधाला वळताना एका बाजूचा ब्रेक दाबून जागेवर वळायला बरं पडतं, म्हणून दोन्ही पायडल जोडणारी खिट्टी काढलेली. दुपारी रोटर सोडून ट्रॉली जोडली, शेणखत भरलं आणि निघालो. खिट्टी तशीच राहिली.

ओढ्याच्या उताराला बारीक भुरभुर सुरू झाली. समोरून मोटारसायकल आली. नवरा-बायको आणि मधे लहान पोर. मी ब्रेक दाबला, पण पाय पडला फक्त उजव्या पायडलवर. उजवं चाक धरलं, डावं पळत राहिलं. ट्रॅक्टर सरळ उजवीकडं, त्यांच्या अंगावर निघाला. मागून भरलेली ट्रॉली ढकलतेय.

पाय उचलला, स्टेअरिंग डावीकडं घेतलं. मोटारसायकल हातभर अंतरावरनं गेली. मग दोन्ही पायडलवर पाय ठेवून हळूहळू दाबत चारीच्या कडेला थांबलो. खाली उतरलो तर पाय लटपटत होते.

घरी सांगितलं तेव्हा मंडळींनी एवढंच विचारलं, "खिट्टी लावायला किती वेळ लागतो?"

"दोन सेकंद."

त्यावर ती काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

तेव्हापासून मी काय पाळतोय ते सांगतो.

रानातून रस्त्यावर येताना आधी खिट्टी. डिफरन्शियल लॉक सुटलाय का तेही बघायचं. तो लागलेला असला की मागची दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरतात आणि ट्रॅक्टर वळायला मागत नाही.

उतार लागायच्या आधीच खालचा गिअर. डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचं नाही. क्लच दाबून सोडणंही तसलंच. इंजिनाची ओढ गेली की सगळा भार ब्रेकवर येतो आणि वेग वाढल्यावर परत गिअर पडत नाही.

वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर. वळणात जोरात ब्रेक मारला की ट्रॉली मागून ट्रॅक्टरला आडवा ढकलते. आणि वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं, हे डोक्यात ठेवायचं.

चाक जाम होऊन घसरायला लागलं तर स्टेअरिंग ऐकत नाही. ब्रेक जरा सोडायचा, चाक फिरू द्यायचं, मग परत दाबायचा. एबीएस असलेल्या कारचं उलटं आहे. तिथं पाय घट्ट दाबूनच ठेवायचा. पायडल थरथरलं तरी उचलायचा नाही आणि गाडी हवी तिकडं वळवायची. आपल्या ट्रॅक्टरला ते काम आपल्या पायानंच करावं लागतं.

शेवटचं. आपल्या टायरचा चिखल डांबरावर पडतो आणि त्यावर दुसऱ्याची दुचाकी घसरते. रस्त्याला लागायच्या आधी खोऱ्यानं टायर खरवडायला पाच मिनिटं लागतात.

उद्या सकाळी ट्रॅक्टर काढाल तेव्हा एकदा खाली वाकून खिट्टी बघा. तुटली असेल तर तारेनं बांधून भागवू नका, नवी बसवा.

ते पोर आईच्या पदराला धरून बसलं होतं. अजून डोळ्यांसमोर आहे.